वाघाने त्या दिवसांत काय खाल्लं

गोष्टीत कुणी विचारत नाही
वाघाने त्या दिवसांत काय खाल्लं.
म्हातारी लेकीकडे जाते, गाल भरून येतात तिचे,
आणि तो तिथंच, त्याच वळणावर,
एका बाईच्या शब्दावर उपाशी.

आई विड्या वळताना सांगायची,
तेलुगूत सुरू करून मराठीत संपवायची.
भोपळा गडगडला की तिच्या मांडीवरचं सूप
हसण्याने हलायचं, तंबाखू सांडायची.
मी हसायचे नाही.

बिरुदेव वाघमोडे. फायनान्सचा माणूस, वसुलीचा.
आडनाव ऐकून अशोक चौकात लोक आधी हसतात,
मग गाडीची चावी देतात.
नवऱ्याने चार माग कर्जावर घेतले, दोन विकले,
आणि भिवंडीला गेला, कुणाबरोबर तरी.
सही माझी होती.

मे महिना, अक्कलकोट रोड, दुपारचे दोन.
डांबर चपला धरून ठेवत होतं.
त्याने स्कूटीपुढे बुलेट आडवी घातली.
आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.
म्हणाला, नर्मदा चिलवेरी, तीन हप्ते.
मी म्हणाले, आत्ता माझ्यात आहे काय, नुसती हाडं.
सिकंदराबादला बहिणीकडे जाते,
पंधरा दिवसांत भरून येते,
मग काय ते घ्या.
त्याने माझ्याकडं पाहिलं,
पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या नळाकडं बघावं तसं,
आणि वाट सोडली.

पंधराचे चाळीस झाले.
आले ती रात्री, टेंपोत,
सुताच्या बाचक्यांमध्ये, गुडघे छातीशी घेऊन.
बोरामणीच्या पुढं टेंपो थांबला.
त्याचाच आवाज. एक बाई पाहिली का?
ड्रायव्हर म्हणाला, सूत आहे साहेब, नुसतं सूत.
मग ताडपत्रीवर हात आला,
नेमका माझ्या पाठीवर. पाची बोटं.
मी श्वास धरला. त्यानेही.
अकरा वर्षांच्या संसारात
इतका वेळ हात कुणी ठेवला नव्हता.
जाऊ दे, तो म्हणाला.

गोष्टीतला वाघ मूर्ख असतो, म्हणून पोरं झोपतात.
हा शहाणा निघाला.
सोडून देणं हासुद्धा त्याचा एक दात होता.

ऑफिसात गेले तर खातं बंद.
सगळं भरलंय मॅडम, इथं सही करा.
पावतीवर त्याचं नाव.
म्हणजे आता मी कंपनीची देणेकरी नाही,
त्याची आहे.
आणि तो मागत नाही.
शिफ्ट सुटते तेव्हा पाण्याच्या टाकीखाली उभा असतो,
शंभर पावलं लांब. बस्स.

शिलाईवरची रेणुका म्हणते, तक्रार कर.
बरोबरच म्हणते.
चौकीपर्यंत दोनदा गेले,
दुसऱ्या वेळी आत जाऊन पाणी पिऊन आले.
ही भीतीच आहे, मला कळतं.
पण रविवारी तो नव्हता
आणि रस्ता एवढा मोठा झाला
की चपलेचा बंद बघायला मी वाकले,
बंद ठीक होता, पुन्हा वाकले.

आज डब्यात कडक भाकऱ्या, शेंगाचटणी,
आणि तळाशी आईची
विडीचं पान कापायची कात्री.
शंभर पावलं मोजली नाहीत.
तो बुलेटवरून उतरला.
जवळून दिसलं, गालफडं बसली होती,
शर्ट कुणा दुसऱ्याचा वाटावा इतका सैल.

म्हणाले, चाळीस दिवस काय खाल्लंस?
तो बोलला नाही. हातही पुढं केला नाही.
मी भाकरी मोडली.
कडक भाकरी मोडते तेव्हा
हाड मोडल्यासारखा आवाज होतो,
दोघांनीही ऐकला.

आधी जेव, म्हणाले.
कोण कुणाला, ते मग बघू.